सोंग जुनं, काम नवं

लग्न पार पडलं, पाहुणे पांगले, की एके रात्री घरी गोंधळ घालायचा, हा मराठवाड्यातल्या असंख्य घरांचा कुळाचार. धुळे-सोलापूर महामार्गावरचं पाचोड हे असंच कुळाचार पाळणाऱ्या मुलखातलं बाजाराचं गाव. भोवती मोसंबीच्या बागा, आणि तासाभराच्या वाटेवर नाथांचं पैठण. या भागात गोंधळ मोडला असं म्हणता येणार नाही, पण तो आक्रसला आहे. तिन्हीसांजेला चौक मांडून तांबडं फुटेपर्यंत चालणारा विधी आता बहुतेक ठिकाणी जेवणावळींच्या आगेमागे तास-दीड तासात उरकतो. सकाळी दारात येणारा वासुदेव दुर्मीळ झाला, बहुरूपी कधीमधी दिसतो आणि पोतराजाच्या आसुडाचा कडाका आजच्या बहुतेक पोरांनी मोबाइलवरच ऐकलेला असतो.

गंमत अशी, की गावातून मागे सरलेल्या याच कला दुसरीकडे जोरात आहेत. संबळ सिनेमाच्या गाण्यात घुमतो, वरातीच्या पथकात वाजतो. वासुदेवाची मोरपिसांची टोपी शाळेच्या गॅदरिंगमध्ये आणि सरकारी योजनांच्या पथनाट्यात दिसते. गोंधळ्यांच्या कवड्यांच्या माळा नाट्यस्पर्धांच्या कपडेपटात भाड्याने मिळतात. मग या कला जगताहेत, की त्यांचा नुसता वेश जगतो आहे?

उत्तर शोधायला पाचोडकरांना फार लांब जायला नको. जुन्या विधींना आणि सोंगांना नव्या कलेत आणून नवं काम देण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा प्रयोग त्यांच्याच तालुक्यात, साडेचारशे वर्षांपूर्वी झाला. तो संत एकनाथांनी केला. तिथपासून आजच्या रंगभूमीपर्यंतचा प्रवास पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. लोककला जपून ठेवल्याने टिकत नाही, तिला काम मिळाल्याने टिकते. आणि ते काम तिच्या जाणकारांना सोबत घेऊन मिळालं नाही, तर मागे फक्त वेश उरतो.

रात्रभराचा गोंधळ

आधी, हरवतं आहे ते नेमकं काय, हे पाहू. गोंधळ गाण्याने सुरू होत नाही, मांडणीने होतो. पाटावर किंवा चौरंगावर नवा खण अंथरतात. त्यावर तांदळाचा चौक, मधोमध पाण्याने भरलेला कलश, विड्याची पानं, सुपाऱ्या, हळकुंडं, खारका, नारळ आणि घरच्या देवीचा टाक. भोवती ज्वारीचे धांडे किंवा उसाची ताटं बांधून मखर उभं करतात. दिवटी पेटते. मग गोंधळ्यांचा म्होरक्या, म्हणजे नाईक, गण म्हणतो आणि एकेका दैवताला नावगाव घेऊन गोंधळाला बोलावतो. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा यांच्या जोडीला यजमानाच्या गावची ग्रामदैवतं आणि घराण्याचे देवही येतात. म्हणजे आवाहनाचा साचा एक असला, तरी प्रत्येक घरचा गोंधळ वेगळा.

आवाहन झालं की आख्यान लागतं. नाईक कथा सांगतो, गातो, मधेच थांबून अर्थ उलगडतो. त्याचा साथीदार मुद्दाम अडाण्याचा आव आणून नको तिथे शंका काढतो, आणि पेंगुळलेलं अंगण हसून जागं होतं. पहाटे जोगवा आणि आरती. साथीला तुणतुणं, झांज आणि संबळ. संबळ म्हणजे कमरेला बांधायची दोन जोडलेली चर्मवाद्यं, एक लहान, एक मोठं. लहानाचा आवाज चढा आणि टणक, मोठ्याचा घुमणारा. दोन्ही काठ्यांनी वाजवतात, आणि त्यांतल्या एका काठीचं टोक वळवलेलं असतं. आख्यानातल्या प्रसंगाप्रमाणे संबळाची लय बदलते. युद्ध, विलाप, देवीचा संचार यांची चाल जाणत्याला डोळे मिटूनही ओळखू येते.

गोंधळ्यांमध्ये कदमराई आणि रेणुराई अशा दोन परंपरा आहेत, एक तुळजाभवानीशी जोडलेली, दुसरी माहूरच्या रेणुकेशी. त्यांच्याकडे करपल्लवी नावाचं एक अजब कसबही असे. यजमानांपैकी कुणी एका गोंधळ्याच्या कानात एखादं नाव सांगायचं. तो तोंडातून अक्षर न काढता बोटांच्या आणि हातांच्या खुणा करायचा आणि दुसरा गोंधळी ते नाव मोठ्याने सांगायचा. डोळ्यांच्या खुणांनी हेच केलं की ती नेत्रपल्लवी. या खुणांना ठरलेली रीत होती आणि ती बापाकडून मुलाकडे जायची. लोकसाहित्याचे अभ्यासक डॉ. प्रभाकर मांडे मराठवाडा विद्यापीठात शिकवत. त्यांनी भटक्या जमातींच्या अशा सांकेतिक भाषांवर मूलभूत काम केलं. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते गेले.

या परंपरेचं वय सांगणं अवघड आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात ‘गोंडली’ या नृत्याचं वर्णन येतं आणि काही अभ्यासक गोंधळाचं नातं त्याच्याशी जोडतात. ते नातं पक्कं असो वा नसो, ज्या देवगिरीवर नृत्य-संगीताचा हा मोठा ग्रंथ लिहिला गेला, तिच्या आसपासच्या मुलखात गोंधळ आजही घातला जातो, हे खरं आहे.

यातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेसाठी लक्षात ठेवावी लागेल. घरच्या गोंधळात गोंधळ्याचं तोंड चौकाकडे, देवीकडे असतं. घरची माणसं प्रेक्षक नसतात, यजमान असतात. तिकीट नाही, टाळ्या नाहीत, आणि गाणं कसं झालं यापेक्षा कुळाचार पुरा झाला का, याला महत्त्व. हीच कला मंचावर गेली की तोंड फिरतं, वेळ कापली जाते, आणि कुळाचाराच्या जागी करमणूक किंवा प्रबोधन येतं. मंच वाईट आहे असं नाही. पण विधी उचलून मंचावर ठेवला की तो विधी राहत नाही, दुसरं काहीतरी होतो. ते दुसरं काहीतरी चांगलं आहे की पोकळ, एवढाच प्रश्न उरतो.

आक्रसण्याची कारणं

‘लोकांना आवड राहिली नाही’ हे सोपं उत्तर झालं. खरं कारण पोटात आहे. गोंधळी, वासुदेव, जोशी, बहुरूपी यांची गावं ठरलेली असत. सुगीत खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा, बदल्यात वर्षभर त्या घरांचे विधी करायचे. शेती नगदी पिकांकडे वळली, कापूस, सोयाबीन, मोसंबी थेट बाजारात जाऊ लागली, खळी उठली, आणि त्यांच्याबरोबर तो वाटाही उठला. विधी उरला, पण त्यामागचा करार संपला.

दुसरं कारण संशयाचं. महाराष्ट्रात गोंधळी, वासुदेव, बहुरूपी, मरीआईवाले या जमाती भटक्या जमातींच्या यादीत आहेत. फिरणं हाच त्यांच्या कलेचा पाया. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याने दारोदार मागत फिरणं गुन्ह्याच्या कक्षेत आणलं. कायद्यापेक्षाही अनोळखी माणसाकडे बघणारी नजर जास्त जाचक ठरली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षा मागायला आले होते. त्यानंतर किती बापांनी पोराच्या हातात किंगरी किंवा डमरू द्यायचा विचार सोडून दिला असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

तिसरं कारण मंगल कार्यालयांचं आणि लॉन्सचं. अंगणात रात्रभर बसणारा गोतावळा आता सकाळी येतो, अक्षता टाकून दुपारी परततो. लाउडस्पीकर लावायचा तर रात्री दहाची वेळ पाळावी लागते, आणि गोंधळाची खरी रंगत तर दहानंतर सुरू व्हायची.

चौथं कारण बोलायला अवघड आहे, पण तेच सर्वांत न्याय्य. गोंधळ्याच्या, वासुदेवाच्या शिकलेल्या मुलाला बापामागे झोळी घेऊन फिरायचं नाही. कला गेली म्हणून हळहळणाऱ्या माणसाने आधी स्वतःला विचारावं, की माझा मुलगा हे करील का?

नाथांची युक्ती

पैठणच्या एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९. गुरू जनार्दनस्वामी देवगिरीवर, म्हणजे दौलताबादेत. नाथांनी संस्कृतातलं भागवत मराठीत आणलं, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि पंडिताने सहसा करू नये असं एक कामही केलं. पैठणच्या रस्त्यांवर, घाटावर, जत्रेत जी माणसं सोंगं आणि विधी करून पोट भरत होती, त्यांच्या तोंडची भाषा उचलून त्यांनी भारुडं रचली. गोंधळी, वासुदेव, जोशी, भुत्या, पांगुळ, बाळसंतोष, महारांचा जोहार, आंधळा, बहिरा, मुका, विंचू चावलेला, सासरी जाचलेली सून अशी ती माणसं. नाथांच्या नावावर सुमारे तीनशे भारुडं आहेत.

हे त्या काळातलं समकालीन कलेचं कामच होतं. साचा लोकांच्या ओळखीचा ठेवला. तोच वेश, तीच हाळी, तोच ताल. आत मात्र नवं काही भरलं. त्यांच्या गोंधळात देवीला पशू चढत नाही, काम-क्रोध जातात. जोगवा धान्याचा मागितला जात नाही, बोधाचा मागितला जातो. विंचू चावतो तो विकाराचा, आणि त्याच्यावर उताराही सत्त्वगुणाचा. ऐकणारा आधी सोंगाला हसतो आणि हसता हसता आपणच त्या सोंगात आहोत हे त्याच्या ध्यानात येतं.

यातून दोन गोष्टी साधल्या. एक, अध्यात्म बाजारात उभं राहिलं. दुसरी नाथांनी ठरवून केली नसेल, पण आज तिचं मोल मोठं आहे. सोळाव्या शतकात दारोदार फिरणाऱ्या कलावंतांची एक यादीच भारुडात नोंदली गेली. त्यांतले बाळसंतोष, पांगुळ यांच्यासारखे काही आज फारसे दिसत नाहीत. भारुड नसतं तर त्यांची नावंही पुसली गेली असती. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लोकसंस्कृतीचे उपासक’ लिहून या मंडळींचा इतिहास मांडला, तेव्हा संतांच्या अशा रचना त्यांच्यासाठी मोठा पुरावा ठरल्या.

फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीला, पैठणच्या वाळवंटात दिंड्या उतरतात तेव्हा आजही फडाफडावर भारुडं होतात. टाळकऱ्यांचा गोल, मृदंग, वीणा, आणि मध्ये लुगडं नेसून किंवा तोंडाला काळं फासून उतरलेला सोंगाड्या. त्याने प्रश्न टाकायचा, टाळकऱ्याने उलटा जबाब द्यायचा. लिहिलेली भारुडं तीच असतात. मधलं बोलणं मात्र दरवर्षी नवं. त्यात कर्जाचे हप्ते, मोबाइल, हुंडा, सरपंचकी असं काहीही शिरतं. भारुड टिकण्याचं गुपित याच मोकळ्या जागेत आहे.

ही जागा ज्यांनी ओळखली त्यांनी भारुड पुढे नेलं. सिल्लोड तालुक्यातल्या रहिमाबादचे निरंजन भाकरे पाचोडच्याच जिल्ह्यातले. त्यांनी ‘बुरगुंडा’ हे भारुड गावोगाव नेलं आणि व्यसनमुक्ती, स्वच्छता असे विषय त्यात गुंफले. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना नेलं. पंढरपूरच्या चंदाबाई तिवाडी यांनी बाईमाणसाने सोंग घ्यायचं नाही हा संकेत मोडून भारुड मंचावर उभं केलं. पुरुषाने लुगडं नेसून सांगितलेलं सासुरवाशिणीचं गाऱ्हाणं आणि बाईच्या तोंडून आलेलं तेच गाऱ्हाणं यांत फरक पडतोच. शब्द जुने राहतात, पण हसण्याच्या जागा बदलतात.

मंचावरची वाट

विसाव्या शतकात हे काम रंगभूमीने अंगावर घेतलं. मुंबईच्या इंडियन नॅशनल थिएटरने लोककलांसाठी संशोधन केंद्र चालवलं. तिथे अशोकजी परांजपे यांनी गावोगाव फिरून विधी, गाणी, कथा गोळा केल्या. आपल्याला ते भक्तिगीतांचे आणि भावगीतांचे कवी म्हणून माहीत असतात. त्यांचं हे दुसरं काम तितकंच मोठं. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी छत्रपती संभाजीनगरात काढली आणि २००९ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. या केंद्रातून ‘खंडोबाचं लगीन’, ‘दशावतारी राजा’ आणि ‘जांभूळ आख्यान’ असे प्रयोग उभे राहिले.

‘जांभूळ आख्यान’ मुळात गोंधळ्यांच्या भांडारातलं. परभणीचे राजारामबापू कदम हे मराठवाड्याच्या गोंधळ परंपरेतलं मोठं नाव, आणि अशी आख्यानं त्या परंपरेने जिवंत ठेवली. कथा महाभारताची, पण व्यासांच्या पोथीत नसलेली. कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात क्षणभर अभिलाषा जागते, आणि कृष्ण एका जांभळाच्या निमित्ताने ती तिच्याच तोंडून वदवून घेतो. शाहीर विठ्ठल उमप यांनी मंचावर हे आख्यान लावलं तेव्हा पायात चाळ बांधलेला एकच माणूस नाईक झाला, द्रौपदी झाला, कृष्ण झाला, आणि नाट्यगृहातला शहरी प्रेक्षक रात्रभर जागणाऱ्या अंगणाच्या जरा जवळ गेला. उमप जन्माने गोंधळी नव्हते, आंबेडकरी शाहीर होते. जातीच्या हद्दीत अडकलेली कला त्यांच्या गळ्यातून सगळ्यांची झाली. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात कार्यक्रमाच्या मंचावरच त्यांनी प्राण सोडला.

याच काळात नाटककारांना लोकरूपांमधली ताकद कळली. १९७२ चं ‘घाशीराम कोतवाल’ घ्या. विजय तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्य. कीर्तन, खेळे, दशावतार, लावणी या सगळ्यांचे तुकडे घेऊन त्यांनी माणसांची झुलती भिंत उभी केली आणि तिच्याकडून सत्तेचं नाटक सांगून घेतलं. १९७४ मध्ये सतीश आळेकरांनी ‘महानिर्वाण’मध्ये मेलेल्या माणसालाच कीर्तनकार केलं. इथे लोककला जपण्याचा हेतू नव्हता. नाटककाराला काही बोलायचं होतं आणि ते बोलायला कीर्तन हा साचा नेमका उपयोगी पडला. तरीही त्या साच्यातली गंमत नव्या पिढीला कळली ती अशाच नाटकांमुळे.

शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’चा मार्ग वेगळा. गोंधळ, वासुदेव, कोळीनृत्य, मंगळागौर, वाघ्या-मुरळी यांची एकामागून एक झलक. शहरातल्या लाखो लोकांनी गोंधळी पहिल्यांदा पाहिला तो इथेच. पुढे शाळांच्या स्नेहसंमेलनांनी हा नमुना उचलला. फायदा असा, की ओळख टिकली. तोटा असा, की गोंधळ म्हणजे तीन मिनिटांचं गाणं, असाही समज झाला.

मराठवाड्यातला प्रयोग

मराठवाड्याने आपली वाट स्वतः काढली. डॉ. रुस्तुम अचलखांब छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचे प्रमुख होते. गावकुसाबाहेरचं जगणं त्यांनी ‘गावकी’ या आत्मकथनात लिहिलं, आणि तमाशाला लोकरंगभूमी म्हणून अभ्यासाच्या टेबलावर आणलं. वगनाट्य, गण-गवळण, सोंगाड्याचा हजरजबाबीपणा हे नाट्यशिक्षणाचे विषय आहेत, हा आग्रह अशा शिक्षकांनी धरला.

त्याहून जवळचं उदाहरण शेजारच्या जालना जिल्ह्यातलं. घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थ गावच्या राजकुमार तांगडे यांनी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ लिहिलं. कल्पना, गीतं आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. २०१२ मध्ये नाटक मंचावर आलं. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, त्यांचे विचार मात्र त्याच्या हातून पृथ्वीवरच हरवतात, आणि मग जिरेटोप कुणाच्या डोक्यावर बसतो याचा शोध सुरू होतो. शेवटी दोन शाहिरांचा सामना जुंपतो, एकाने महाराजांना एका रंगात रंगवायचं, दुसऱ्याने त्याला जाब विचारायचा. पोवाडा आणि जलसा ही दोन जुनी रूपं इथे वादाची हत्यारं झाली. नटसंचातले कित्येक जण शेतकरी होते. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत मराठवाडी बोली ताठ मानेने उभी राहिली. पोवाड्याला ‘वाचवा’ असं कुणी म्हटलं नव्हतं, तरी तो या नाटकात तरतरीत झाला.

सगळंच परत आणायचं नाही

पुनरुज्जीवनाच्या उत्साहात एक गोष्ट विसरली जाते. लुप्त होणारं सगळंच वाचवण्यासारखं नसतं. पोतराज स्वतःच्या अंगावर आसूड ओढतो. मरीआईचा गाडा डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या घरांमध्ये नवसाने मुलगा देवीला सोडला जाई, त्याच्या शिक्षणाचं आणि आयुष्याचं काय होई, ते पार्थ पोळके यांनी ‘आभरान’मध्ये लिहिलं आहे. आंबेडकरी चळवळीने हे सोडा असं सांगितलं आणि हजारोंनी ते सोडलं. मुरळी, जोगतीण म्हणून मुली देवाला वाहण्याची चाल कायद्याने बंद झाली. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा २००५ चा आहे. ही मागे हटलेली रूढी आहे, हरवलेली कला नव्हे.

मग समकालीन कलेने तिचं काय करायचं? राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी एक उत्तर दिलं, आणि त्यांच्या आधारे २००९ मध्ये आलेल्या ‘जोगवा’ चित्रपटाने ते लाखोंपुढे नेलं. चौंडकं वाजतं, भंडारा उधळतो, संगीत अंगावर काटा आणतं, पण बघणारा भाविक होत नाही, तो अस्वस्थ होतो. विधीची कला ठेवली आणि त्यातली सक्ती उघडी पाडली. दोन्ही एकाच वेळी साधता येतं, हा या चित्रपटाचा धडा.

बाहेरचे अनुभव

बाहेर पाहिलं तर तीन अनुभव उपयोगाचे आहेत. पहिला सावध करणारा. १९३६ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्र स्थापन केलं, भरतनाट्यम जगभर गेलं. पण ज्या देवदासी घराण्यांनी त्याचं मूळ रूप, सदिर, जपलं होतं, त्यांना नव्या मंचावर फारशी जागा मिळाली नाही. नृत्याला प्रतिष्ठा मिळाली, नाचणारे मात्र बदलले.

दुसरा अनुभव छत्तीसगडचा. हबीब तन्वीर यांनी ‘नाचा’ या तिथल्या लोकनाट्याची नक्कल केली नाही, नाचा करणाऱ्या गावकऱ्यांनाच नटमंडळीत घेतलं. त्यांनी आपल्या बोलीत बोलायचं, आपल्या चालीने हलायचं. १९७५ च्या ‘चरणदास चोर’ची ताकद त्यातून आली. महाराष्ट्रात भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांनी लावणीच्या बाबतीत हेच केलं. २००८ चा माहितीपट, मग ‘संगीत बारी’ हे पुस्तक, मग त्याच नावाचा मंचीय प्रयोग. मंचावर शकुंतलाबाई नगरकरांसारख्या, संगीत बारीत लावणी करणाऱ्या बायका स्वतः. अदा कशी करायची, कुठे थांबायचं, कुणाला डोळ्यात डोळा घालून गायचं, हे त्या स्वतः सांगतात, म्हणून ते खरं वाटतं.

तिसरा अनुभव पैशाचा. २०२२ मध्ये ‘कांतारा’ या चित्रपटाने तुळुनाडूचा भूतकोला हा विधी देशभर पोचवला. लगोलग कर्नाटक सरकारने साठीच्या पुढच्या दैवनर्तकांना महिना दोन हजार रुपये देण्याची घोषणा केली. रक्कम थोडी, पण पडद्यावरची कीर्ती मूळ माणसाच्या खिशापर्यंत पोचू शकते हे दिसलं. महाराष्ट्रात वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे; २०२४ मध्ये ते सरसकट महिना पाच हजार झालं. पण कागदपत्रं, शिफारशी, कलेचे पुरावे गोळा करणं हे ज्याचं आयुष्य फिरतीवर गेलं त्याच्यासाठी सोपं काम नाही.

गावापुरतं काय करता येईल

पाचोडसारख्या गावाने संग्रहालय बांधायची गरज नाही. तिथे शाळा आहे, गणेश मंडळं आहेत, यात्रेची पावती फाडणारी कमिटी आहे, आणि हातोहात मोबाइल आहेत. एवढ्यात पुष्कळ होतं.

पहिलं काम नोंदीचं. आसपासच्या गावांत गोंधळ घालणारी, भारुड करणारी, वाघ्याचं जागरण करणारी घरं कोणती, त्यांच्याकडे कोणती आख्यानं आहेत, ती कुणाकडून आली? मोबाइल तिवईवर ठेवून एक पूर्ण गोंधळ, मांडणीपासून आरतीपर्यंत, न कापता टिपून घेतला तरी तो दहा रील्सपेक्षा मोलाचा. त्यासाठी गोंधळ्याची परवानगी घ्यावी, त्याला बिदागी द्यावी, आणि चित्रणावर त्याचं नाव असावं.

दुसरं काम शाळेचं. गॅदरिंगमध्ये गोंधळ बसवायचा तर नृत्य बसवणाऱ्याबरोबर गावातल्या जुन्या नाईकालाही बोलवावं. संबळाच्या काठीचं टोक वाकडं का असतं, आवाहनात आपल्या गावची कोणती दैवतं येतात, हे मुलांनी त्याच्याकडून ऐकावं. मग तीन मिनिटांचा नाचही आपल्या मुळाची ओळख ठेवून होईल.

तिसरं काम नव्या लिखाणाचं. भारुडातली मधली जागा मोकळी आहेच. मोसंबीचा पडलेला भाव, टँकरची रांग, ऑनलाइन रमीत बुडालेला पोरगा, यांवर आजचं भारुड का रचू नये? पथनाट्य करणाऱ्या कॉलेजच्या मुलांना एखादा मुरलेला सोंगाड्या भेटला, तर दोघांचाही फायदा. मुलांना ताल मिळेल, सोंगाड्याला विषय.

चौथं, आणि सर्वांत महत्त्वाचं, बिदागीचं. वरातीच्या डीजेला जे पैसे सहज मोजले जातात, त्यातला काही भाग जरी गोंधळाला मिळाला, तरी नाईकाचा पोरगा ‘हे शिकून काय मिळणार’ असं विचारताना एकदा थांबेल. तो शिकला नाही तरी हरकत नाही. पण न शिकण्याचं कारण उपासमार किंवा अपमान असू नये. आणि जातीची अट तर केव्हाच सुटायला हवी. उमपांनी ते दाखवून दिलं आहे.

नाथांनी भारुडं रचली तेव्हा ती सोंगं घेणारी माणसं पैठणच्या रस्त्यांवर रोज दिसत होती. आपल्याला मात्र ती शोधायला निघावं लागतं. म्हणून आज नाटक, सिनेमा, गाणं किंवा गॅदरिंग काहीही करायचं असो, पहिला खर्च कपडेपटावर न करता त्या माणसाच्या घरापर्यंत जाण्यावर करावा. तो सापडला, त्याला मान आणि मोबदला मिळाला, तर सोंगात काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं, हे तो आपल्याहून नेमकं सांगेल.